वर जायचं आणि परत यायचं

बर्नसॉलची शर्यत सांगायला फार वेळ लागत नाही. गावातून सुटायचं, समोरच्या डोंगराच्या माथ्यावर दगडांची एक रास आहे तिला वळसा घालायचा आणि परत गावात यायचं. अंतर दीड मैल, म्हणजे अडीच किलोमीटरच्या जरासं आत. चढ सुमारे ९०० फुटांचा, आणि तो सगळा पहिल्या निम्म्या अंतरातच. ज्यांनी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड केला आहे त्यांनी त्या चढाईचा साधारण अर्धा भाग डोळ्यांसमोर आणावा. त्यातून पायऱ्या वगळाव्यात, मळलेली वाट वगळावी आणि गुडघ्यापर्यंत येणारी झुडपं घालावीत. मग तसंच खाली यायचं, तेही धावत.

मी मूळची वाईजवळची, वैराटगडाच्या पायथ्याची. गेली बरीच वर्षं उत्तर इंग्लंडमध्ये स्किप्टन या बाजारगावात राहते आणि नर्सचं काम करते. बर्नसॉल आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. व्हार्फ नदीच्या काठी वसलेलं छोटंसं गाव: पाच कमानींचा दगडी पूल, पुलाच्या तोंडाशी ‘रेड लायन’ नावाचं जुनं पबघर, नदीकाठची हिरवळ, सेंट विल्फ्रिडचं चर्च, आणि १६०२ साली स्थापन झालेली शाळा, जिच्या इमारतीत आजही गावातली मुलं शिकतात. दर ऑगस्टमधल्या एका शनिवारी इथे ‘फीस्ट’ भरते. फीस्ट म्हणजे आपल्याकडची जत्राच. गावच्या चर्चच्या संताच्या नावाने वर्षातून एकदा गावाने एकत्र यायचं, बाहेर गेलेल्यांनी परत यायचं, लहानांनी खेळायचं, थोरांनी बघायचं. दिवसभर मुलांच्या शर्यती चालतात, पोत्यात पाय घालून उड्या, चमचा-अंडं. या सगळ्याच्या शेवटी जसा आपल्या जत्रेत कुस्त्यांचा फड रंगतो तशी इथे डोंगराची शर्यत रंगते.

उत्तर इंग्लंडमध्ये अशा शर्यतींना फेल रनिंग म्हणतात. फेल म्हणजे झाडं नसलेला, गवताचा नि झुडपांचा उघडा डोंगर. लंडनच्या मॅरेथॉनचं नाव आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. या शर्यतींचं मात्र दक्षिण इंग्लंडमधल्या माणसालाही सांगावं लागतं. जाहिराती नसतात, टीव्हीचे कॅमेरे नसतात, बहुतेक ठिकाणी गळ्यात घालायला पदकही नसतं. नावनोंदणी बहुधा त्याच दिवशी, एखाद्या तंबूत किंवा शाळेच्या हॉलमध्ये, काही पौंड हातात ठेवून. नोंदणी करणाऱ्या बाईंच्या पुढ्यात सेफ्टी पिनांचा डबा असतो, त्यातल्या चार उचलायच्या आणि नंबर छातीवर लावायचा. हे इतकं साधं राहिलं आहे ते आपोआप नाही. लोकांनी समजूनउमजून साधं ठेवलं आहे. ही गोष्ट मला या खेळातली सर्वांत मोलाची वाटते आणि तीच सांगण्यासाठी हा लेख लिहिते आहे.

आधी थोडा इतिहास. जत्रेत डोंगरावर धावण्याची चाल इथे जुनी आहे. मेंढपाळ, शिकारीच्या रानाचे राखणदार, खाणकामगार, डोंगर दाखवणारे वाटाडे, अशा लोकांची ही शर्यत. लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ मुलुखातल्या ग्रासमिअर गावच्या खेळांत १८६८पासून ‘वाटाड्यांची शर्यत’ होत आली आहे. बर्नसॉलची शर्यत त्याहूनही आधीची मानली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ‘रेड लायन’मध्ये बसलेल्या मंडळींत पैज लागली, की समोरच्या डोंगरावर जाऊन यायला किती वेळ लागेल, आणि त्यातून ती सुरू झाली, असं गावात सांगतात.

बर्नसॉलमध्ये आजही ज्याच्याबद्दल वाद घातला जातो तो माणूस म्हणजे अर्नेस्ट डॅलझेल. लेक डिस्ट्रिक्टमधल्या केसिकजवळचा, शिकारीच्या रानाचा राखणदार. १९१० साली त्याने ही शर्यत १३ मिनिटांच्या आत, १२ मिनिटं ५९ सेकंदांच्या जरा वर वेळात पुरी केली. उतरायला त्याला पावणेतीन मिनिटंही लागली नाहीत, अशी त्या वेळची नोंद आहे. हे खरं असेल तर तो डोंगरावरून जवळजवळ पडतच आला असला पाहिजे. घड्याळवाल्यांचं काही चुकलं का, यावर लोक शंभर वर्षांहून अधिक काळ बोलत आहेत. डॅलझेल पहिल्या महायुद्धात मारला गेला, त्यामुळे त्याला विचारायची सोय राहिली नाही. त्याचा विक्रम मात्र ६७ वर्षं टिकला. १९७७मध्ये फ्रेड रीव्ह्ज नावाच्या धावपटूने तो मोडला. रीव्ह्ज पैशाच्या बक्षिसासाठी धावणाऱ्यांपैकी होता. मग १९८३मध्ये जॉन वाइल्ड या हौशी धावपटूने १२ मिनिटं ४८ सेकंदांची वेळ दिली. पैशासाठी धावणारे वेगळे आणि हौशी वेगळे, ही भिंत तेव्हा फार कडक होती. एकदा बक्षिसाचे चार पैसे घेतले की हौशी लोकांच्या शर्यतीत पाय ठेवायला बंदी. एकाच डोंगरावर धावणाऱ्या दोन जाती होत्या म्हणा ना. सुदैवाने ती भिंत आता नाही.

१९७०मध्ये फेल रनर्स असोसिएशन ही संघटना निघाली आणि शर्यतींची रीतसर वर्गवारी झाली. ‘ए’ वर्गासाठी दर किलोमीटरला सरासरी निदान ५० मीटर चढ हवा, आणि डांबरी रस्ता एकूण अंतराच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. ‘बी’साठी २५ मीटर, ‘सी’साठी २०. अंतराप्रमाणे पुन्हा छोटी, मध्यम, लांब: १० किलोमीटरपर्यंत छोटी, २०च्या वर लांब. बर्नसॉलचा हिशोब केला तर दर किलोमीटरला ११० मीटरांच्या वर चढ येतो. म्हणजे ‘ए’ वर्गाच्या अटीच्या दुपटीहून जास्त. शर्यत छोटी, पण सोपी नव्हे.

आता प्रत्यक्ष डोंगर.

शिट्टी किंवा हाकाटी होते आणि सगळे सुटतात. पहिलं काही अंतर सपाट असतं आणि तिथे पोरं जीव खाऊन पळतात, कारण पुढे भिंतीशी गर्दी होते. या मुलुखात सगळीकडे चुना-माती न वापरता नुसते दगड रचून केलेल्या भिंती आहेत. कोकणातले गडगे ज्यांनी पाहिलेत त्यांना लगेच कळेल. मेंढरं आवरायला बांधलेल्या या भिंती कुरणं ओलांडून पार डोंगराच्या माथ्यापर्यंत जातात. भिंतीतून एकेक आडवा दगड बाहेर काढून पायऱ्या केलेल्या असतात. त्यावरूनच चढायचं, कुठेही हात घालून दगड ढासळवायचा नाही. रचलेला दगड पडला तर शेतकऱ्याचा अर्धा दिवस जातो, आणि पुढच्या वर्षी त्याने ‘माझ्या रानातून नको’ म्हटलं तर शर्यतच बंद. म्हणून सुटण्याआधी जी चार वाक्यांची सूचना होते, त्यात एक वाक्य भिंतीबद्दल असतंच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बर्नसॉल ज्यात येतं ते यॉर्कशर डेल्स हे राष्ट्रीय उद्यान आहे. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्याला वाघ, सफारी आणि वनखात्याचं फाटक आठवतं. इंग्लंडमधल्या राष्ट्रीय उद्यानांत मात्र गावं आहेत, शेती आहे, हजारो मेंढ्या आहेत आणि बरीचशी जमीन खाजगी मालकीची आहे. त्यामुळे डोंगरावर शर्यत घ्यायची तर शेतकऱ्याला, जमिनीच्या मालकाला विचारावं लागतं. कोकरं जन्माला येण्याचा वसंतातला हंगाम, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा हंगाम, हे सांभाळावं लागतं. २००१ साली गुरांमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा डोंगर माणसांना बंदच झाले आणि त्या वर्षी इथली मोठी ‘थ्री पीक्स’ शर्यतही रद्द झाली. धावणाऱ्यांनी कुरकुर केली नाही. ज्यांच्या रानातून आपण धावतो त्यांची जनावरं मरत होती.

भिंतीनंतर नेचे लागतात. ऑगस्टमध्ये ते खांद्याला येतात आणि आत शिरलं की पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसते. मेंढ्या हे नेचे खात नाहीत, म्हणून ते माजतात. त्यात गोचीड असतात. माझ्या पेशामुळे मी हे दर वेळी सोबत्यांना सांगते: घरी गेल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, कमरेला नीट बघा. त्या गोचिडींपैकी काहींच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होतो. लवकर लक्षात आला तर साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. दुर्लक्ष केलं तर सांधे आणि नसा धरतो.

नेचे संपले की हेदर. वीतभर ते गुडघाभर उंचीचं, काटक देठांचं झुडूप. ऑगस्टात त्याला बारीक जांभळी फुलं येतात आणि सबंध डोंगर त्या रंगाचा होतो. कासच्या पठारावर ज्यांनी भाद्रपदात पाय ठेवला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. फरक एवढाच, की कासला आपण फुलांवर पाय पडू नये म्हणून जपतो आणि इथे त्याच्यातूनच चढायचं असतं. हेदर दिसायला मऊ, पण खाली दगड आहे, खड्डा आहे की पाणी मुरलेला काळा चिखल, हे वरून समजत नाही. गाद्यांच्या चळतीवरून चालावं तसा पाय खाली जातो आणि प्रत्येक पावलाला तो ओढून काढावा लागतो.

या चढावर जवळजवळ कुणीच धावत नाही. अगदी पुढचे चारसहा सोडले तर सगळे चालतात. दोन्ही हात गुडघ्यांच्या वर मांडीवर ठेवायचे, वाकायचं आणि प्रत्येक पावलाला हाताने मांडी खाली दाबायची. बघणाऱ्याला वाटतं हे दमले. खरं तर चढ एका मर्यादेपलीकडे तीव्र झाला की धावण्यापेक्षा असं झपाझप चालणं शरीराला स्वस्त पडतं. धावताना प्रत्येक पावलाला शरीर हवेत उचलायचा खर्च असतो, चालताना तो वाचतो. चढावर मला माझ्या आजीची चाल आठवते. डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन ती वैराटगडाच्या सोंडेवरून वरखाली करायची, आणि तिचं पाऊल कधी लांब पडलं नाही, कधी थांबलं नाही. इथल्या जुन्या धावणाऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांतल्या एका सत्तरी ओलांडलेल्या मेंढपाळाने मान डोलावली आणि म्हणाला, आमचीही आजी तशीच चालायची.

माथ्यावर, दगडांच्या राशीपाशी, दोन माणसं उभी असतात. वाऱ्यात, कधी धुक्यात, कधी आडव्या पावसात. एकजण नंबर मोठ्याने वाचतो, दुसरा वहीत लिहितो. धापा टाकत वर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्याकडून ‘शाब्बास पोरी’, ‘शाब्बास रे’ मिळतं. पहिल्यालाही आणि शेवटच्यालाही. हे लोक शर्यतीच्या खूप आधी चढून आलेले असतात आणि शेवटचा माणूस उतरल्यावरच उतरतात. त्यांना याचे पैसे मिळत नाहीत. आमच्याकडे एक शिरस्ता आहे, की वर्षातून काही शर्यती धावायच्या आणि काही शर्यतींत असं उभं राहायचं. मीही उभी राहते. डोंगरावरचा तो तास मला धावण्याइतकाच आवडतो.

ही मोजणी म्हणजे शिष्टाचार नव्हे. सुरुवातीला किती सुटले, माथ्यावर किती आले, खाली किती पोचले, हे तीन आकडे जुळलेच पाहिजेत. मध्येच कुणी शर्यत सोडली तरी त्याने शेवटच्या रेषेशी येऊन ‘मी सोडली’ असं सांगायलाच हवं. सांगितलं नाही तर डोंगरावर शोधपथक जातं. २०१२मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या एका शर्यतीत थंडीवाऱ्यात एक धावपटू परतलाच नाही आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर हे नियम आणखी काटेकोर झाले. लांबच्या शर्यतींत प्रत्येकाच्या कमरेच्या पिशवीत अंगभर पावसाळी कपडे, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि थोडं खाणं असावंच लागतं, आणि सुटण्याआधी ते उघडून तपासतात. कितीतरी शर्यतींत वाटेवर खुणाही नसतात. धुकं उतरलं तर नकाशावरून आपली वाट आपणच काढायची. बर्नसॉलला खालून माथा दिसतो म्हणून ते करावं लागत नाही.

आणि मग उतार. या खेळाचा जीव इथे आहे.

चढ कुणालाही सरावाने जमतो. उताराला सरावापेक्षा वेगळं काहीतरी लागतं, आणि ते मी अजून शिकते आहे. उतरताना शरीर आपोआप मागे झुकतं, टाच रोवते, गुडघा ताठ होतो. नेमकं हेच करायचं नाही. मागे झुकलं की टाच घसरते आणि प्रत्येक धक्का सरळ गुडघ्यात जातो. उताराबरोबर पुढे झुकायचं, पावलं आखूड आणि भरभर टाकायची, हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडायचे, आणि नजर पायांवर न ठेवता तीनचार पावलं पुढे ठेवायची. पाय कुठे पडणार ते डोळ्याने आधीच ठरवलेलं असतं. प्रत्यक्ष पाऊल पडतं तेव्हा डोळा त्याच्याही पुढे गेलेला असतो. पाऊल चुकलं तरी त्यावर वजन यायच्या आत पुढचं पडलेलं असतं. बुटांच्या तळाला रबराची मोठमोठी बोंडं असतात, ती चिखल आणि गवत धरतात. बाकी सगळा विश्वास.

मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूंना उतारावर विचित्र काम करावं लागतं. चढताना ते आखडून जोर लावतात, ते नेहमीचंच. उतरताना मात्र ते ताणले जात असतानाच वजन पेलतात. या ताणाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणून शर्यतीच्या दिवशी माणूस खुशीत असतो आणि दुसऱ्यातिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरतो. आमच्या वॉर्डात पूर्वी मला कुणी विचारलं की गुडघे खराब होतील ना, तर मी त्यांना हे समजावून सांगायची: ही दुखणी गुडघ्याची नसतात, मांडीची असतात, आणि स्नायूने एकदा हे सोसलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच कामाला तो कमी कुरकुरतो. हळूहळू वाढवत नेलं तर शरीर शिकतं. घाईने, सरावाशिवाय, डोंगर उतरायला गेलं तर घोटा मुरगळतोच.

सर्वांत सुंदर उतरतात ती इथल्या शेतांवर वाढलेली पोरं. त्यांना मी कितीदा तरी माथ्यावर उभं राहून खाली जाताना पाहिलं आहे. मेंढ्यांमागे, कुत्र्यांमागे लहानपणापासून याच उतारांवर पळालेली. ती दगड टाळत नाहीत, दगडाचा उपयोग करतात. भिंत आली की हात टेकल्यासारखं करून पलीकडे. डॅलझेलच्या त्या पावणेतीन मिनिटांवर विश्वास ठेवावासा वाटतो तो अशा वेळी.

लेक डिस्ट्रिक्टमधल्या वॉसडेल खोऱ्यातला जॉस नेलर असाच मेंढपाळ. १९३६चा जन्म. तरुणपणी पाठीची दुखणी इतकी, की शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच माणसाने १९७५मध्ये २४ तासांच्या आत ७२ शिखरं पालथी घातली. मेंढपाळी त्याने सोडली नाही. २०२४मध्ये तो गेला तेव्हा इथल्या छोट्या छोट्या शर्यतींत सुटण्याआधी माणसं डोक्यावरच्या टोप्या काढून उभी राहिली.

बायकांना मात्र या डोंगरांची दारं उशिरा उघडली. १९५५ साली स्कॉटलंडमध्ये कॅथलीन कॉनॉची नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीला बेन नेव्हिसच्या शर्यतीत उतरायचं होतं. बेन नेव्हिस हा ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर, १३४५ मीटर. मुलींना हे झेपणार नाही म्हणून अधिकृत प्रवेश नाकारला. ती पुरुषांच्या मागून दोन मिनिटांनी निघाली आणि ३ तास २ मिनिटांत परत आली. तरीही थ्री पीक्ससारख्या शर्यतीत बायकांना रीतसर धावायला १९७९ उजाडावं लागलं. आज जॅस्मिन पॅरिसचं नाव जगभर झालं आहे. २०१९मध्ये पेनाइन डोंगररांगेवरची २६८ मैलांची हिवाळी शर्यत तिने सगळ्या पुरुषांना मागे टाकून जिंकली. घरी तान्हं बाळ होतं. वाटेतल्या थांब्यांवर ती दूध काढून ठेवत होती. तिची सुरुवात झाली ती डर्बीशरमधल्या ग्लॉसपजवळच्या एका छोट्या फेल शर्यतीतून. बर्नसॉलच्या हिरवळीवर वेण्या घातलेल्या मुली छोट्यांच्या शर्यतीला रांगेत उभ्या असतात तेव्हा मी त्यांच्याकडे पोटभर बघून घेते.

शेवटच्या उतारानंतर रेषा ओलांडली की पाणी मिळतं आणि गवतावर लोळायला जागा मिळते. आणि मग सगळे थांबतात. पहिला आला तोही गाडीकडे जात नाही. शेवटचा माणूस खाली येईपर्यंत टाळ्या चालू असतात, आणि त्याच्यासाठी त्या सर्वांत मोठ्या असतात, कारण तोवर सगळे मोकळे झालेले असतात. माझ्या पहिल्या शर्यतीत मला घेऊन गेलेली सहकारी माझ्या कितीतरी आधी पोचली होती. मी उतरले तेव्हा ती आणि तिच्याभोवतीची अनोळखी माणसं माझं नाव घेऊन ओरडत होती. नाव तिने त्यांना शिकवलं होतं. परक्या मुलुखात आपलं नाव असं मोठ्याने, नीट उच्चारलेलं ऐकू येणं ही काय चीज असते, ते परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

नंतर चहा आणि केक. केक गावातल्या बायकांनी घरून करून आणलेले. डोंगरापलीकडचं रिलस्टन गाव तर या बाबतीत जगप्रसिद्ध म्हणावं लागेल. तिथल्या महिला मंडळाच्या बायकांनी १९९९मध्ये ल्युकेमियाच्या संशोधनासाठी स्वतःच्या छायाचित्रांचं कॅलेंडर काढलं, आणि त्यावर पुढे ‘कॅलेंडर गर्ल्स’ हा सिनेमा निघाला. त्या मंडळाच्या मुलुखात केकचा तुकडा कधी छोटा मिळत नाही. बक्षिसं साधीच असतात: कुठे बिअरच्या बाटल्या, कुठे भाजीची टोपली. चाळिशी, पन्नाशी, साठी, सत्तरी ओलांडलेल्यांना वेगळी.

इतक्या आवडत्या गोष्टीला माणसं जास्त येऊ लागली की ती वाढवायचा मोह होतो. पुरस्कर्ते आणावेत, टी-शर्ट काढावेत, पाचशेच्या जागी पाच हजार माणसं धावावीत. फेल रनिंगच्या मंडळींनी हा मोह बऱ्याच अंशी आवरला. कारण हिशोबी आहे. ओल्या काळ्या मातीवरून हजारो बूट गेले तर झुडूप मरतं, माती वाहून जाते आणि डोंगराला ओरखडा पडतो तो वर्षानुवर्षं भरत नाही. गावातल्या चार गल्ल्यांत गाड्या मावत नाहीत. आणि माथ्यावर वही घेऊन उभ्या असलेल्या माणसाला गर्दीत नंबर टिपता येत नाहीत. शर्यत तेवढीच ठेवायची, जेवढी गावाला उचलता येईल.

आपल्याकडे सातारची हिल मॅरेथॉन २०१२पासून यवतेश्वरच्या घाटात होते. हजारो माणसं धावतात, साऱ्या जिल्ह्याला तिचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण ती रस्त्यावरची, आणि शहराची. आमच्या जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, नाशिककडच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पदक मिळवलं. अशा मुली आमच्या डोंगरांवर जन्माला येतात. गावच्या जत्रेत मुलांसाठी रेवड्यांवरच्या कुस्त्या असतात, बैलगाड्यांचा थरार असतो. मुलींनी धावावं असं काही मी लहान असताना नव्हतं.

म्हणून गेल्या खेपेला गावी गेले तेव्हा भाच्याला आणि त्याच्या मित्रांना घेऊन आपल्या गडाची अशीच शर्यत आखायला बसले. जत्रा चैत्रात, तेव्हा ऊन फार. त्यापेक्षा दसरा झाल्यावर, गवत कापून वाट मोकळी झाली की बरं. मारुतीच्या देवळापासून गडाच्या दरवाजापर्यंत आणि परत. वनखात्याला आणि वाटेतल्या शेतवाल्यांना आधी विचारायचं. घसाऱ्याच्या टप्प्यावर दोन माणसं उभी करायची, दरवाजात दोन, वहीसकट. सुटलेले, पोचलेले, उतरलेले, तीनही आकडे जुळल्याशिवाय जेवणाच्या पंगती बसवायच्या नाहीत. मुलींची शर्यत वेगळी नाही. सगळ्यांची एकच, बक्षिसं तेवढी वेगळी. भाच्याने विचारलं, आत्या, किती लोक धरायचे? मी म्हटलं, पंगतीत जेवढे एका वेळी बसतील तेवढे. तो हे सगळं लिहून घेऊन सरपंचांकडे गेला. सरपंचांनी पहिला प्रश्न विचारला तो रास्तच होता: पावसाने गडाची वाट कुठे कुठे तुटली आहे, ते आधी कोण बघून येणार? आता पुढच्या महिन्यात भाचा आणि तालमीतली दोन पोरं घड्याळ, वही आणि कोयता घेऊन वर जाणार आहेत.